वाकळ आणि चीवर

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा कार्यकर्त्यांनी मला "इतिहासावर काहीतरी लिहा" असे सांगितले. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे महाड, नाशिक, नागपूर उभे राहते आणि ते योग्यच आहे. त्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा अधिकारी लोक पुष्कळ आहेत. मी या वेळी वाकळेवर लिहिणार आहे. वाचकांनी हसू नये. वाकळ, गोधडी, कुठे कुणी लेप म्हणतात, तान्ह्या बाळाची असली तर दुपटे. जुन्या लुगड्यांची आणि उरल्यासुरल्या तुकड्यांची शिवलेली ही वस्तू आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात होती. तिलाही इतिहास आहे, आणि तो आपल्याशी फार जवळून निगडित आहे.

लिहिण्याचे कारण आधी सांगतो. १९७८ सालची गोष्ट. आपला विहार तेव्हा पत्र्याचा होता. वर्षावासात एक भन्ते प्रवचनाला यायचे होते. माझ्या आईने घरातली त्यातल्या त्यात चांगली वाकळ धुऊन, उन्हात वाळवून आणली आणि चौपदरी घडी करून आसनाच्या जागी अंथरली. मी तेव्हा कॉलेजात होतो. सभांना जात होतो, भाषणे ऐकत होतो आणि अंगात वारे भरलेले होते. पाहुण्यांसमोर ठिगळांची वाकळ पाहून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी ती उचलली, तिची वळकटी करून मागच्या बाजूला टाकली आणि शेजारच्या चाळीतून सतरंजी मागून आणली. आई त्या वेळी काही बोलली नाही. रात्री घरी आल्यावर एवढेच म्हणाली, "धुतलेली व्हती रं. फाटकी आसंल, मळकी नव्हती."

हे वाक्य माझ्या मनात बरीच वर्षे तसेच पडून राहिले. पुढे नोकरीतून निवृत्त झाल्यावर विनयपिटकाचे भाषांतर वाचायला घेतले, तेव्हा त्याचा अर्थ लागू लागला.

आपण भिक्खूंच्या अंगावर चीवर पाहतो, त्याला वंदन करतो. पण ते जवळून पाहिले आहे का? ते अखंड कापड नसते. अनेक तुकडे जोडून शिवलेले असते. असे का, याची हकिगत महावग्गात चीवरांविषयी जे प्रकरण आहे त्यात आलेली आहे. सुरुवातीच्या काळात भिक्खू पांसुकूल वापरत. पांसु म्हणजे धूळ. उकिरड्यावर, रस्त्यावर, स्मशानात लोकांनी टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करायच्या, धुवायच्या, रंगवायच्या आणि जोडून अंगावर घ्यायच्या. पुढे जीवक वैद्याला राजा पज्जोताकडून अतिशय उंची वस्त्रे मिळाली. ती त्याने तथागतांना अर्पण केली आणि गृहस्थांनी दिलेले कापड स्वीकारण्याची भिक्खूंना परवानगी असावी, अशी विनंती केली. तथागतांनी ती मान्य केली. ज्याला पांसुकूल वापरायचे त्याने ते वापरावे, ज्याला गृहस्थांचे कापड घ्यायचे त्याने ते घ्यावे, असा मोकळा नियम झाला.

मग अडचण अशी, की अखंड भारी कापड अंगावर आले तर भिक्खू आणि सावकार यांत फरक काय? एकदा दक्षिणगिरीकडे चारिकेवर जात असताना तथागतांना मगधातली भातशेते दिसली. चौकोनी वाफे, मध्ये सरळ बांध, बांधांना छेद देणारे आडवे बांध. त्यांनी आनंदाला विचारले, अशा आखणीची चीवरे तुला करता येतील का? आनंदाने करून दाखवली. लांब पट्टी, अर्धी पट्टी, मधला भाग, गळ्यापाशी येणारा भाग, पोटरीपाशी येणारा भाग, प्रत्येकाला नाव दिले. तथागतांनी त्याच्या बुद्धीची वाखाणणी केली आणि चीवर हे तुकडे करून शिवलेलेच असावे असा दंडक घातला. म्हणजे चांगले अखंड कापड मिळाले तरी ते आधी कापायचे, त्याचे तुकडे करायचे आणि मग जोडायचे. आज जगात जिथे जिथे भिक्खू आहेत तिथे तिथे मगधाच्या त्या शेतांची आखणी त्यांच्या अंगावर आहे. आमच्या आया-आज्या शेतात राबणाऱ्याच होत्या. वाकळेवरचे चौकोन कुणी कुणाला शिकवले हे सांगता येणार नाही, आणि वाकळ चीवरावरून आली असे माझे म्हणणेही नाही. पण वाफ्यांनी भरलेले शिवार आणि तुकड्यांनी भरलेली वाकळ शेजारी ठेवून पाहा.

विनयात शिवणकामाची माहिती किती आहे हे वाचून मी थक्क झालो. भिक्खूच्या अष्टपरिष्कारात सुई आहे हे आपल्याला ठाऊक असते. पण सुया गंजतात म्हणून त्या नळीत कशा ठेवाव्यात, मेण कसे वापरावे, बोटाला टोचू नये म्हणून अंगुस्तान घ्यावे, टाके वाकडे जाऊ नयेत म्हणून खुणेचा दोरा घालावा, इथपर्यंत चुल्लवग्गात चर्चा आहे. कापड जमिनीवर खुंट्या ठोकून ताणले तर तिरपे होते, म्हणून ताणायला लाकडी चौकट आणि दोऱ्या वापरण्याची परवानगी दिली. त्या चौकटीचे नाव कठिन. आपण वर्षावासानंतर जे कठीण चीवरदान करतो त्यातला शब्द हाच. सर्व भिक्खूंनी मिळून, धुणे, कापणे, शिवणे, रंगवणे हे सारे एका दिवसात उरकायचे असते. चाळीच्या ओट्यावर चार बाया एकाच वाकळेच्या चार कडांना बसलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र लगेच कळेल.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तथागतांच्या परिनिर्वाणानंतर आनंद कोसंबीला गेला. तिथल्या राजा उदेनाच्या राण्यांनी त्याला पाचशे वस्त्रे दान दिली. राजा संतापला. हा श्रमण काय कापडाचा धंदा करणार आहे की दुकान मांडणार आहे, असे म्हणत तो आनंदाकडे गेला आणि एवढ्या वस्त्रांचे करणार काय, असे त्याने विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बैठक. जुन्या बैठकीचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? धूळ झटकायचे फडके. आणि त्या फडक्यांचे? ती फाडून, चिखलात कालवून जमिनीला लिंपण देऊ. राजा खूष झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आमच्या घरात हाच क्रम होता आणि आईला कोसंबी कुठे आहे हे माहीत नव्हते. नवे लुगडे सणाला. ते विरले की मधला भाग काढून दंड घालायचा. दंड घातलेलेही गेले की जुनेर. जुनेराचा धड भाग वाकळेच्या वरच्या आणि खालच्या पदराला, काठ निराळा काढून कडेला, उरलेल्या चिंध्या आतल्या थराला. वाकळ झिजली की तीच आत घालून तिच्यावर नवी शिवायची. अगदीच गेली की पायपुसणे, मग पोतेरे. आमची जमीन शेणाने सारवलेली होती, आणि सारवण्याचे पोतेरे म्हणजे कुणाच्या तरी लग्नातल्या लुगड्याचा शेवटचा तुकडा असायचा.

आताच्या मुलींसाठी वाकळ कशी शिवत ते थोडे सांगून ठेवतो. काम बहुधा उन्हाळ्यात निघे, कारण पावसाच्या आधी कपडे धुऊन कडक वाळले पाहिजेत. सगळ्या शिवणी उसवून कापड सपाट करायचे. खालचा पदर जमिनीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, तांब्या असे काहीतरी ठेवायचे. त्यावर चिंध्यांचे थर. इथे खरी अक्कल लागते. एका जागी जाड आणि एका जागी पातळ झाले तर वाकळ अंगाला रुतते, आणि दोन चिंध्यांच्या कडा नेमक्या एकावर एक आल्या तर तिथे गाठ होते. म्हणून कडा पुढेमागे ठेवायच्या. वरचा पदर घातला की जाड सुतात धावदोरा, कडेपासून सुरू करून चारी बाजूंनी फिरत आत आत यायचे. उलटे केले, म्हणजे मधून सुरू केले, तर कडेला चुण्या येतात. टाका लहान ठेवला की वाकळ टिकते, पण वेळ दुप्पट. आमच्या आईचा टाका तांदळाएवढा. शेजारच्या मावशीचा हातभर, असे आई म्हणायची. ते काही खरे नव्हते, दोघींचे जरा भांडण होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मला १९७८ साली लाज का वाटली?

लाजेला कारण होते. जुने कापड हे आपल्या समाजावर लादलेले कापड होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, अंगावर लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात शूद्राला उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे आणि जुने घरसामान द्यावे असेही आहे. हे फक्त पोथीत राहिले नाही. आपल्या गावगाड्यात महारकीचे जे 'हक्क' गणले जात त्यात मढ्यावरचे कापड होते. हक्क म्हणायचे आणि त्याच्या जोरावर पिढ्यान्पिढ्या गावकी करून घ्यायची. बाबासाहेबांनी ही वतनाची बेडी तोडा म्हणून आयुष्यभर सांगितले. १९५८ च्या कायद्याने ती वतने रद्द झाली, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

तर ठिगळ दिसले की आमच्या पिढीला मढ्यावरचे कापड आठवत असे. दुसऱ्याचे उतरलेले, भीक म्हणून अंगावर फेकलेले. ते झिडकारणे बरोबरच होते. आमचे चुकले ते एवढेच, की दोन निराळ्या गोष्टींची आम्ही एक मोट बांधली. एकाच स्मशानातले एकच कापड पाहा. मनूच्या हाती ते शिक्षा झाले. ज्याच्यावर लादले त्याला ते नाकारण्याची सोय नाही. आणि तेच कापड भिक्खूने आपण होऊन उचलले, धुतले, शिवले, तर राजे त्याच्यापुढे वाकले. महाकश्यपाची गोष्ट संयुत्तनिकायात आहे. त्याने आपल्या तुकड्यांच्या संघाटीची चौपदरी घडी घालून झाडाखाली तथागतांना आसन म्हणून दिली. तथागत बसले आणि म्हणाले, तुझी संघाटी मऊ आहे. त्याने ती त्यांना देऊन टाकली आणि बदल्यात त्यांची स्वतःची झिजलेली पांसुकूल वस्त्रे घेतली. ही गोष्ट मी वयाच्या साठाव्या वर्षी वाचली. आईने विहारात केले होते ते याहून निराळे काय होते?

आणि बाबासाहेबांनी तर हा फरक स्पष्ट करून ठेवला होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या अखेरीस त्यांनी आपल्या स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडी कशी नेसावीत, जातीची खूण म्हणून अंगावर घातले जाणारे दागिने कसे टाकावेत हे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात त्यांनी कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, ते स्वच्छ असले पाहिजेत, असे सांगितले. ज्या ग्रंथाने मढ्यावरचे कापड नेसायला लावले तो जाळल्यानंतर दोन दिवसांच्या आत हे सांगितलेले आहे. माझी आई त्या वेळी जन्मलीही नव्हती. पण तिची आई गावात महाडहून परतलेल्या बायांकडून हे ऐकत आली होती आणि तिच्याकडून ते आईकडे आले. मला भाषणे पाठ होती, आणि बोललेले नेमके तिच्या तोंडी होते.

मुंबईत आल्यावर वाकळेत आणखी एक कापड आले, ते गिरणीचे. वडील सूत खात्यात होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसांना घेत नसत. कारण सांगताना आजच्या पोरांना खरे वाटत नाही. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि आपल्या माणसाच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि ती मागणी कामगारांच्या मागण्यांत घालायला लावली. मात्र खात्यांतली ही विभागणी पुढेही पुष्कळ वर्षे राहिली. ज्यांच्या हातच्या सुताचे कापड झाले त्यांना ते विणायची मनाई होती. ते कापड आमच्या घरी आले ते नाक्यावरच्या शिंप्याच्या दुकानातल्या कतरणीतून, वजनावर. आईने ते वाकळेत घातले. पाळीवरून आलेला माणूस तिच्यावर झोपे आणि तो उठला की दुसऱ्या पाळीचा. दहा बाय दहाच्या खोलीत वाकळेला विश्रांती नसे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांच्या बाबतीत तो संप कधी संपलाच नाही. वडिलांची गिरणी पुन्हा नीट चालू झाली नाही. त्या दीड-दोन वर्षांत आईने लोकांच्या वाकळा मजुरीने शिवल्या. दिवसभर मान खाली घालून एक वाकळ चार-पाच दिवसांत व्हायची. माझ्या शेवटच्या वर्षाची फी त्यातून भरली गेली. ज्या वस्तूची मला लाज वाटली होती तिनेच मला पदवी दिली, हे मी आईजवळ कधी कबूल केले नाही. इथे करतो.

आपण चळवळीतली माणसे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याविषयी बरेच वाचतो. १९७२ साली दलित पँथर निघाली तिचे नावच तिकडून आलेले. पण त्यांच्या बायकांच्या वाकळांविषयी आपल्याकडे कुणी फारसे लिहीत नाही, म्हणून थोडे सांगतो. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाचे गाव आहे. गुलामगिरीतल्या शेतमजुरांचे वंशज तिथे राहतात. थंडी भागवण्यासाठी तिथल्या बाया शेतातले फाटके कपडे, धान्याची पोती, उरलेले तुकडे जोडून पांघरुणे शिवत. नागरी हक्कांच्या लढ्याच्या दिवसांत या लोकांनी मतदार नोंदणीसाठी तालुक्याच्या गावी जायला सुरुवात केली, आणि १९६२ साली त्यांची नदी ओलांडायची फेरीबोटच बंद झाली. ती पुन्हा २००६ साली सुरू झाली. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग त्या गावात आले होते. १९६६ साली त्या परिसरातल्या बायांनी पांघरुणे शिवून विकणारी सहकारी संस्था काढली, नाव 'फ्रीडम क्विल्टिंग बी', म्हणजे स्वातंत्र्याची वाकळ-सभाच म्हणा. १९७२ मध्ये त्यांना सीअर्स या मोठ्या दुकानाकडून उशांच्या कॉर्डरॉय खोळी शिवण्याचे काम मिळाले. कापताना उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बाया घरी नेत आणि त्यांची पांघरुणे करीत. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात ही पांघरुणे भिंतीवर लागली, नंतर न्यूयॉर्कला, आणि २००६ साली अमेरिकन टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की प्रत्येक पांघरुणाखाली ते शिवणाऱ्या बाईचे नाव लिहिलेले आहे.

आपल्याकडेही आता गोधड्या प्रदर्शनांत विकायला येतात. भाव ऐकून आई असती तर चाट पडली असती. पण शिवणारीचे नाव बहुतेक ठिकाणी दिसत नाही, 'ग्रामीण महिलांनी बनविलेली' एवढाच कागद असतो. आणि आपल्या वस्तीत इमारती उभ्या राहिल्या तेव्हा नव्या घरात शोभत नाहीत म्हणून कितीतरी वाकळा कचऱ्याच्या गाडीत गेल्या. मी स्वतः दोन टाकल्या आहेत.

एक राहिली आहे. १९७८ सालची तीच. तिचा एक कोपरा उसवला आहे आणि त्यातून थर दिसतात. वर हिरव्या लुगड्याचा पदर, खाली शिंप्याकडची चौकडीची कतरण, मग वडिलांच्या गिरणीतल्या सदऱ्याची खाकी. त्याखाली पांढरे पातळ कापड आहे. आजी ऑक्टोबर १९५६ मध्ये गावातल्या लोकांबरोबर रेल्वेने नागपूरला गेली होती. पांढरे नेसून या असा निरोप होता, म्हणून कर्ज काढून साडी घेतली होती. ती विरल्यावर आईने फेकली नाही, पोतेरे केली नाही, वाकळेच्या मधल्या थराला घातली. मधला थर सगळ्यात शेवटी झिजतो. म्हणजे त्या दिवशी भन्तेंच्या आसनासाठी आईने नेमकी हीच वाकळ का धुतली होती, हे मला कोपरा उसवल्यावर कळले. तोपर्यंत आई गेली होती.

कोपरा शिवून घ्यायला हवा. सून म्हणते मशीनवर मारून देते. मी तिला म्हटले, थांब, आधी मला दाभण आणि जाड दोरा आणून दे.